मेंगांच्या टेकडीवरचं तण

९ जून, सोमवार

आले एकदाची. बस दोनदा बदलावी लागली, दुसरीत एका म्हातारीच्या कोंबड्यांशेजारी जागा मिळाली, पण बामगोलच्या फाट्यावर उतरून टेकडी बघितली आणि सगळा शिणवटा गेला. दक्षिणेला तोंड, पाठीशी पाईनचं रान, पायथ्याला ओढा. अशी जागा जिवंत माणसाला मिळत नाही, मेंग घराण्यातल्या मेलेल्यांना मिळाली आहे. नऊ पिढ्यांची सत्तावीस थडगी, सगळी मातीच्या उंचवट्यांची, गोल गरगरीत, आणि सगळ्यांवर मिळून एकच हिरवळ पांघरलेली. ती राखायची माझी नोकरी.

माझं घर टेकडीच्या पायथ्याशी. दोन खोल्या, नळाला पाणी, ओसरी उन्हाची. सामान काय, दोन पिशव्या, भाताचा कुकर आणि वाकड्या मानेची माझी तीन खुरपी.

घराण्याचे प्रमुख मेंग संगवू, वय एक्याऐंशी, काठी टेकत स्वतः आले. सगळे त्यांना मोठे आजोबा म्हणतात. माझी कागदपत्रं त्यांनी बाजूला ठेवली आणि हात पुढे करायला सांगितले. उलटेसुलटे करून बघितले. एकोणीस वर्षं गोल्फच्या मैदानावर बुडाला फोमची गादी बांधून मी तण उपटत उकिडवी सरकत आले आहे, माझे हात बघून कुणी नाही म्हणणार नाही. नियम त्यांनी एकच सांगितला. हिरवळीत गवताशिवाय एक पान दिसता कामा नये, आणि औषध मारायचं नाही. पूर्वजांना विष पाजायचं का, असं विचारलं. मला पटलं. औषध मारणं हे आळशांचं काम.

संध्याकाळी शेजारीण कोवळ्या मुळ्याची किमची, तिखट आंबवलेलं लोणचं, घेऊन आली; मिर्यांग गावची, म्हणून सगळे तिला मिर्यांगकरीण म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, एकटी, बोलायला हपापलेली. किमचीत मीठ जास्त होतं पण मी छान म्हटलं. इथे दिवस चांगले जाणार.

१४ जून, शनिवार

खालची चार थडगी झाली. कामावरच्या बायका म्हणायच्या, ओकबुनला तणाचा राग येतो. राग नाही, मला किळस येते. पिवळ्या फुलाच्या डँडेलियनचं दूध बोटाला चिकटतं आणि तासाभरात काळं पडतं. लव्हाळ्याच्या गाठी एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, उपटून संपतच नाहीत. फुकटचं खाऊन माजलेल्या पाव्हण्यासारखं ते गवताच्या कुशीत शिरून बसतं आणि गवताचाच रंग घेतं. मी मुळासकट काढते, तुटू देत नाही. काढलेलं ताडपत्रीवर उलटं, मुळं सूर्याकडे करून वाळवते.

मिर्यांगकरीण ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली की मूळ थडग्यात शिरलं आणि हाडांना विळखा पडला तर वंशातल्या कुणाची तरी कंबर धरते. मेंगांत कुणाला शिंक आली तरी तुलाच बोलावतील, सांभाळून राहा. मी हसले. ती हसली नाही.

२ जुलै, बुधवार

आज विचारलं. महिना होत आला होता, हिरवळ आरशासारखी झाली होती, मोठे आजोबा खूश होते. म्हटलं हीच वेळ.

आमचे हे, फिलग्यू, पंधरा वर्षांपूर्वी लिव्हरने गेले. मूलबाळ नाही. राख शहरातल्या अस्थिगृहात, सार्वजनिक न्हाणीघरात कपडे ठेवायचे कप्पे असतात तसल्या कप्प्यात, भिंतीत पाचव्या ओळीत. हात पोचत नाही, शिडी मागावी लागते. पंधरा वर्षांची मुदत येत्या ऑगस्टअखेर संपते, आणि त्या इमारतीचीच मुदत संपली आहे, म्हणून वाढवून देत नाहीत. मग बेवारस राख एका खड्ड्यात, सगळ्यांची एकत्र. ह्यांना गर्दी कधी सहन झाली नाही. बसमध्येसुद्धा उभे राहायचे दाराशी. मी इथे नोकरीला का आले, ते आता लिहायला हरकत नाही.

मी आजोबांना म्हटलं, पाईनखालचा तो कोपरा कधीच कुणाच्या वाट्याला येणार नाही. एवढंसं भांडं आहे. वर दगड नको, नाव नको. मी मरेपर्यंत फुकट राखीन.

ते रागावले नाहीत. उलट जरा हसले. कुंपणाच्या दगडांपलीकडे काटेरी झुडपांत एक ढासळलेलं थडगं आहे, काठीने ते दाखवलं. ते त्यांच्या पणजोबांच्या दत्तक मुलाचं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही रोज तण उपटता आणि मलाच हे विचारता?"

मी मान खाली घालून हो म्हटलं. घरी येऊन भात करपवला.

२५ जुलै, शुक्रवार

आजपासून अधिक महिना. माझी आई म्हणायची, हा उपरा महिना, याच्यावर कुठल्याच देवाची पाळी नसते, सगळे रजेवर. म्हणून थडगी हलवायची, कफन शिवायचं, जे एरवी अंगावर येईल ते याच महिन्यात उरकायचं. बावीस ऑगस्टपर्यंत मोकळीक.

मेंगांचे पूर्वजही रजेवर असतील, असं मी धरून चालले आहे.

२९ जुलै, मंगळवार

झालं. चोरून, पण भर दुपारी. टेकडीवर खुरपं घेऊन बसलेल्या बाईला काय खणतेस म्हणून कोण विचारणार?

भांडं काल शहरातून किमचीच्या डब्यात घालून आणलं. मातीतच मिळू दे म्हणून झाकण काढलं. ते काढायलाच नको होतं. राख कोरडी असते अशी माझी समजूत. पंधरा वर्षांत भिंतीची ओल आत शिरली होती. राखाडी लगदा, मधे गोळे, वर पिवळट बुरशीची साय, आणि तिच्यात बारीक किडे मेलेले. वास गोडसर. तोच वास. शेवटच्या तीन महिन्यांत ह्यांच्या तोंडाला जो यायचा तो. मी तिथेच गवतावर उलटी केली आणि मग गवत पुसत बसले.

सहाव्या पिढीच्या थडग्याच्या पायथ्याशी हिरवळीचा चौकोन कापला, गादीसारखा उचलला, लगदा ओतला, चौकोन परत बसवला. सांधा मला स्वतःला सापडत नव्हता. कुठलाही मुडदा ठेवण्याआधी डोंगराच्या देवाला दारू ओतून विचारायचं असतं. मी ओतली नाही. चोरी करताना घरमालकाला उठवायचं का? आणि तो रजेवरच.

तेवढ्यात मोठे आजोबा खालच्या वाटेने गेले. काठी उंचावून म्हणाले, काम बघत राहावं असं आहे. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर हसू आलं.

६ ऑगस्ट, बुधवार

आठवडाभर दुपारचं जेवण तिथेच. बोलते ह्यांच्याशी. पंधरा वर्षांत एवढं बोलले नव्हते.

आज चौकोनाच्या मधोमध एक कोंब. मला ठाऊक नाही असं तण या देशात नाही, पण हे मी बघितलेलं नव्हतं. पान नाही, हिरवेपणा नाही. जेवायच्या काडीएवढं जाड, फिकट, वर बारीक लव. माशाच्या पोटाची कातडी असते तसं मऊ. धरलं तर कोमट. उन्हाने असेल म्हटलं. ओढलं, तर चपचप आवाज करत सुटलं आणि मुळाच्या टोकाला कफासारखा चिकट गोळा लोंबला. हात तीनदा धुतले. साबणाला तो वास लागला, साबण फेकला.

७ ऑगस्ट, गुरुवार

त्याच जागी तीन.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अकरा. आता चौकोनाबाहेरही. एकाच्या टोकाला पिवळट, कडक, चंद्रकोरीसारखं काहीतरी होतं. नख होतं. मी ते दगडावर घासून बघितलं, नखच होतं.

ताडपत्रीवर उन्हात चार दिवस पडलेले कोंब वाळत नाहीत, ओशट होतात. मिर्यांगकरणीचा कुत्रा येऊन त्यांना चाटत होता, तिने त्याला लाथ घातली. नाकाला रुमाल लावून म्हणाली, नासलेल्या सोयाबीनच्या वड्यांचासुद्धा असा वास येत नाही, हे काय उगवलंय, आजोबांना कळव. कळवू नकोस म्हणून मी हात जोडले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओकबुन, खरं सांग, तू इथे कुणाला आणलंस?"

मी ताडपत्री गुंडाळायला लागले. तिने परत विचारलं नाही, पण संध्याकाळी किमचीही आणली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

ओढ्यात टाकले, सकाळी काठावर रुजलेले. जाळले, तर जळेनात, चरबीसारखे थेंब गाळत बसले आणि धूर माझ्या केसांत शिरला. परसात खोल पुरले, तिथून दुप्पट आले. जिथे टाकावं तिथून वर येतात.

आजच्या एका जाड कोंबावर लव नव्हती, खुंट होते. काळ्या खुंटांत एक पांढरा ठिपका. ह्यांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तेवढीच पांढरी दाढी यायची.

मी ताडपत्रीवर बसून राहिले. काय लिहू? ह्यांच्या शेवटच्या दिवसांत मी कामावरचे रबरी हातमोजे घालून ह्यांना पुसत होते. तोंडाजवळ जायचं टाळायचे. एकदा ह्यांनी पाणी मागितलं आणि मी पेला दूरवर ठेवला, हात पोचेल तर घ्या म्हणून. माझ्या माणसाची मला किळस आली होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आणि आज ह्यांनाच चिमटीत धरून उपटते आहे, तीच किळस, तसूभर कमी नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अधिक महिन्याचा शेवटचा दिवस. परत काढून घेऊन जाऊ, दुसरीकडे कुठेही, म्हणून चौकोन उचलला. राख नाही. फक्त मुळं, पांढरी, ओली, एकमेकांत गुंतलेली, आणि चारही बाजूंनी हिरवळीची मुळं आत घुसून त्यांना दाबत होती, वर ढकलत होती. मी बघितलं. हळू, पण डोळ्यांना दिसेल इतकं. मेंग ह्यांना बाहेर काढत आहेत. मी नऊ पिढ्यांच्या अंगणात उपरा पेरला आणि त्या आपलं अंगण साफ करत आहेत.

माझंच काम करत आहेत.

उद्यापासून देव कामावर.

१ सप्टेंबर, सोमवार

साठ मोजले, मग मोजणं सोडलं. थडग्यांच्या अंगावर, वाटेवर, दगडांच्या फटीत. पहाटे उजाडल्यापासून दुपारपर्यंत उपटते.

मोठे आजोबा मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. कंबर धरली आहे. हिरवळ तेव्हा नुकतीच साफ केली होती, नशीब. सांगून गेले की एकवीस तारखेला, रविवारी, घराण्यातले चाळीस पुरुष गवत कापायची यंत्रं घेऊन येणार, दरवर्षीसारखे. जागा पारखणारा एक माणूसही सोबत आणणार. कुठे काही शिरलं असेल तर तो काठी टेकवून सांगतो, मग तिथे खणतात.

चाळीस यंत्रं. ती नायलॉनच्या तारेने कापणारी नाहीत, लोखंडी पात्यांची. ह्यांचे तुकडे टेकडीभर उडतील. लोकांच्या बुटांना चिकटतील. त्यापेक्षा तो सगळ्यांचा खड्डा बरा होता.

५ सप्टेंबर, शुक्रवार

टाकायला जागा नाही. न्हाणीची बादली भरली, किमचीचा डबा भरला, कुकर भरला. झाकणं आपोआप उचलली जातात. घरात तो वास, अंथरुणात तो वास. रात्रभर भांड्यांतून चुळबुळ.

मिर्यांगकरीण बहिणीकडे निघून गेली. जाताना दाराबाहेरूनच म्हणाली, जे आणलंस ते परत पोटात घाल बाई, आणि चालू लाग. शिवी होती ती. आमच्याकडे अशीच देतात.

मी मात्र रात्रभर तिच्या बोलण्याचाच विचार केला.

८ सप्टेंबर, सोमवार

केलं.

आपण डोंगरातलं काय खात नाही? नेच्याचे कोंब, काटेरी पानं, शेतातलं निम्मं तण आपण उकडून, पिळून, तिळाचं तेल घालून भाताबरोबर खातो. तसंच केलं. उकळल्यावर पाणी दुधी झालं, वर तवंग. पिळताना हाताला गरम, आणि पिळलेलं परत फुगायचं. लसूण जास्त घातला. पहिला घास दातांखाली कुरकुरला नाही, दबला. जिभेसारखा दबला. खुंट टाळूला घासले. घशात अडकला, मागे आला, मी हाताने तोंड दाबून परत गिळला. तीन वेळा.

पूर्ण वाडगा संपवला. मग ओसरीवर वाट बघत बसले, उलटी होईल म्हणून.

झाली नाही. आणि त्या वाडग्यातले कोंब पुन्हा कुठेही उगवले नाहीत. ओढ्याने ठेवून घेतलं नाही, आगीने नाही, मेंगांनी नाही. पोटात राहिले.

१० सप्टेंबर, बुधवार

उकडत नाही आता. वेळ नाही. तिथेच, उपटलं की तोंडात. मातीसकट. डोळे मिटून. किळस कमी होत नाही, पण मी आता पेला दूर ठेवत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

बादली रिकामी. डबा रिकामा. टेकडीवर आज फक्त नऊ.

भात जात नाही. नुसता पांढरा भात बघून मळमळतं. उलट कोंबांना तोंड आपोआप उघडतं, याचीच शिसारी येते —

१५ सप्टेंबर

दोन. गोड लागले. हे लिहायला नको होतं.

हिरडीतून काहीतरी वर येतंय. अक्कलदाढेच्या मागे. जिभेने लागतं. मऊ. लव आहे.

१६ सप्टेंबर

टेकडीवर एकही नाही. सत्तावीसच्या सत्तावीस थडगी बघितली, गुडघ्यांवर. एकही नाही. रडले.

आरशात तोंड उघडलं. सात. कात्रीने कापायला गेले — दुखलं. मला नाही. ह्यांना दुखलं. कसं कळलं ते सांगता येत नाही, पण कळलं.

१८ सप्टें.

नखांखालून. कानातून एक, बारीक. डोकं रुमालात गुंडाळलं आहे. श्वासाला तो वास. माझ्याच.

पोटात कूस बदलतात. जागा करून घेतात. गर्दी नाही, अहो, कुणी नाही, तुम्हीच आहात —

१९

ओसरीवरून उतरले तर पायाखालचं गवत ताठ होतं. सुईसारखं. तळव्यात टोचलं, रक्त आलं. वाटेवर थांबले की तळव्याखाली काहीतरी ढकलतं. वर. बाहेर. चालत राहिलं तर नाही. मेंग उभं राहू देत नाहीत मला.

समजलं. टेकडी साफ झाली नाही अजून.

२०, शनिवार

जायला हवं. पिशवी भरली. फाट्यापर्यंत — नाही. गुडघे वाकत नाहीत, आत काहीतरी भरलंय, ओलं, दाटून. ओसरीच्या फळ्यांत पायाची बोटं — बोटांतून खाली — रुजली आहेत. उपटायला गेले. माझ्याच हाताने उपटायला गेले. आणि हात थांबला. पुन्हा कुठे ठेवू ह्यांना?

२१

यंत्रं. दहा वाजले असतील. चाळीस यंत्रं एकदम, ओठांतल्या कोंबांना कंप सुटतो —

बंद झाली. मोठे आजोबा बोलताहेत वर. इतकी स्वच्छ हिरवळ कधी झाली नाही म्हणतात. बाईंना बोलवा म्हणतात.

त्या जागा पारखणाऱ्या माणसाची काठी. टक. टक. वर नाही. खाली येतेय. घराकडे —

ओसरीपुढे उभे आहेत सगळे. कुणीतरी ओकलं. आजोबा नाही ओकले. वाकून बघतात, माझ्या तोंडाकडे, मग मागे वळून म्हणाले, शांतपणे, "एक राहिलंय."

कुणीतरी यंत्र चालू करायची दोरी ओढतंय. आजोबा नको म्हणतात. यंत्राने तुटतं, हाताने काढा, मुळासकट —

हात येतोय. तोंड मिटते मी. अहो, घट्ट धरा, आत, खोल धरा, मी सोडत नाही, मी नाही सोड